पंधरवड्यात राहिलेलं दाजींचं पुट

आमच्या दाजींइतका भित्रा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात शोधून सापडणार नाही, आणि त्यांच्याइतका निश्चिंत माणूसही सापडणार नाही. हे दोन्ही एकाच माणसात कसं बसतं, असं मला आजवर पुष्कळांनी विचारलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. लग्न होऊन ते आमच्या घरचे जावई झाले तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि आज माझीच पेन्शन सुरू होऊन तीन वर्षं झाली. एवढ्या काळात या माणसाच्या तोंडून 'काही होत नाही हो' हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. दुसरा कोणी म्हणालाच, तर दाजी चष्म्यावरून त्याच्याकडे असं बघायचे, की त्या बिचाऱ्याला आपल्या घरचा गॅस चालू राहिलाय की काय अशी शंका यायची. कुठल्याही खोलीत शिरले की आधी वर बघणार, पंख्याची कडी नीट आहे ना याची खात्री करणार आणि मगच खुर्ची ओढणार. लग्नाच्या मांडवात ते पुढच्या रांगेत कधी बसले नाहीत. कडेच्या खांबाजवळ बसायचे, जिथून आचाऱ्याची शेगडीही दिसते आणि बाहेर पडायची वाटही. आणि एकदा का ही पाहणी संपली, की त्याच खुर्चीत मान टाकून असे घोरायचे, की भटजींना मंगलाष्टकाचा आवाज चढवावा लागे.

अक्कलकोटला दर्शनाला गेलो की दाजी उजवी चप्पल एका कोपऱ्यात काढायचे आणि डावी पार पलीकडच्या भिंतीला. "चोराला जोड लागतो की, पाव्हणं. एक चप्पल नेऊन काय लंगडी घालणाराय व्हय त्यो?" पाव्हणं म्हणजे मी. एकदा झाडणाऱ्या बाईनं ती एकटीच पडलेली डावी चप्पल टाकून दिलेली समजून कचऱ्यात भरली. दाजी एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी अशा थाटात एसटीनं सोलापूरला आले, आणि वाटभर खुशीत होते. "निम्म्यावर भागलं की! दोन्ही एका जागी असत्या तर दोन्ही गेल्या असत्या." मी म्हटलं, "दाजी, दोन्ही एका जागी असत्या तर तिनं उचलल्याच नसत्या." त्यावर ते म्हणाले, "तुमाला हिशोब कळत न्हाई."

पाण्याचंही तेच. आमच्या गावात नळ चार-पाच दिवसांनी येतो, त्यामुळे पिंपं भरून ठेवणं हा सगळ्यांचाच धर्म. पण दाजींच्या दोन भाड्याच्या खोल्यांत एक निळं पिंप असं होतं की ज्याला हात लावायची खुद्द अक्कालाही परवानगी नव्हती. त्यावर खडूनं लिहिलेलं, 'नळ न आल्यास'. ठरल्या दिवशी नळ आला, की दाजी ते पिंप शेजाऱ्यांच्या झाडांना ओतून टाकायचे, घासायचे आणि पुन्हा भरायचे. ओततानाचा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. अक्का कपाळाला हात लावायची, "आठ बादल्या पाणी वाया!" आणि दाजी म्हणायचे, "वाया गेलं म्हंजी नळ आला की गं. नळ आला ह्येचं दुःख करतीस व्हय?"

माझ्या लग्नात या स्वभावानं कहर केला. आमचे बाबा करमाळ्याला शाळामास्तर, हिशोबाला एकदम काटेकोर. त्यांनी आचारी ठरवला, आणि दाजींनी कुणाला न विचारता स्वतःच्या खिशातून बयाणा देऊन दुसराही आचारी ठरवून ठेवला, पहिला आला नाही तर असावा म्हणून. पहिला आला, पहाटेच आला, आणि बुंदी पाडायला बसलासुद्धा. दुसऱ्याला घरी बसून बयाणा मिळाला. बाबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "जावईबापू, पैसे फुकट गेले की तुमचे." दाजी म्हणाले, "मामा, फुकट गेले म्हणून तर पंगत बसली. उपयोगी पडले असते तर तुमाला घाम फुटला असता." बाबा आधी चमकले, मग मोठ्यानं हसले, आणि त्या दिवसापासून सासरा-जावयाचं असं काही जमलं, की आम्ही सख्खी मुलं बाजूला पडलो.

हे वेड दाजींना कामावरनं लागलेलं. ते टॉवेलच्या कारखान्यात सूत खरेदीला होते. मालक परदेशातली ऑर्डर घ्यायचे, टॉवेलचा भाव आज ठरायचा आणि माल जायचा चार महिन्यांनी. मधल्या काळात सूत भडकलं, की प्रत्येक टॉवेलमागे पदरचे पैसे जाणार. अशानं माग विकायला लागलेली माणसं दाजींनी पाहिली होती. त्यांची पद्धत साधी होती. ऑर्डर आली रे आली, की सुताच्या व्यापाऱ्याकडे जायचं आणि थोडा बयाणा देऊन आजचा भाव बांधून ठेवायचा. सूत चढलं तर बांधलेल्या भावानं उचलायचं, उतरलं तर बयाण्यावर पाणी सोडून बाजारातनं स्वस्तात घ्यायचं. मालक कुरकुरायचे, तेलुगूत काहीतरी पुटपुटायचे, पण दाजी ऐकायचे नाहीत. "बयाणा गेला तर च्याचं पैसे गेले, मालक. सूत चढलं तर माग जातील." तो कारखाना आजही चालू आहे.

शेअरचा नाद मात्र आमच्या बाबांमुळे लागला असं म्हणावं लागेल. लग्नात जावयाला घड्याळ घ्यायचं म्हणून बाबांनी पैसे बाजूला काढले होते. दाजींनी ते मागून घेतले आणि एका सिमेंट कंपनीचे शेअर घेतले. घड्याळाविना बोहल्यावर उभा राहिलेला करमाळ्यातला तो पहिलाच जावई असेल! त्यानंतर तीसेक वर्षं दाजी पगारातनं थोडं थोडं वाचवून शेअर घेत राहिले. विकायचा विषय नाही. पण एकदा बाजार असा गडगडला, की दाजींची झोप उडाली. अक्का घाबरली, मला बोलावून घेतलं. मी चार दिवस रोज जायचो तर दाजी पंख्याची कडीसुद्धा बघत नव्हते. आणि पाचव्या दिवशी नवी पेठेतल्या ब्रोकरच्या ऑफिसातनं उड्या मारत आले. "अगं ए, आपला बयाणाच हाय की हितं! नुसता उलटा!"

मग त्यांनी अक्काला आणि मला समोर बसवून शेअरबाजारातलं 'पुट' नावाचं प्रकरण समजावून सांगितलं. इतकं सोपं करून मला ते नंतर कुणीच सांगितलं नाही. "हे बघ. आपल्याजवळ शेअर हायती. बाजार पडला तर आपन मेलो. मग काय करायचं? बाजारातच कुणीतरी असतो, त्याला दर महिन्याला थोडा बयाणा द्यायचा, त्याला म्हणायचं प्रीमियम. आन् सांगायचं, बाबा रे, बाजार ह्या आकड्याच्या खाली गेला तर फुडचं नुकसान तू भरून द्यायचं. न्हाई गेला तर बयाणा तुझा, आन् चढलेला भाव आमचा."

"आणि महिना संपल्यावर?" अक्कानं विचारलं.

"संपला की पुट संपलं. पैसे गेले. फुडल्या महिन्याला नवं घ्यायचं."

"म्हणजे दर महिन्याला पैसे घालवायचे?"

"व्हय!" दाजींचा चेहरा फुलला होता. "लई झ्याक हाय की नाई?"

त्या दिवसापासून दाजी पुन्हा घोरायला लागले. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी पुटाची मुदत संपायची. त्या दुपारी बाजार बंद होताना पुटाची किंमत शून्य झाली असली, म्हणजे पैसे पूर्ण बुडाले असले, की दाजी गरम जिलेबी बांधून घेऊन घरी यायचे. आणि क्वचित कधी बाजार पडून पुटाचे पैसे मिळाले, की तोंड पाडून बसायचे. "मिळाले की थोडे," असं अशा आवाजात सांगायचे, की ऐकणारा मयताच्या घरी आल्यासारखा चटकन पायातल्या चपला काढायचा. गल्लीतली तरुण पोरं मोबाईलवर असल्याच पुटांचा, म्हणजे ऑप्शनचा, खेळ करायची, त्यांना वाटायचं हे काका म्हणजे छुपे रुस्तम. एकजण टिप मागायला आला. दाजींनी विचारलं, "तुझ्याकडं शेअर किती हायती?" तो म्हणाला, "शेअर नाहीत काका, डायरेक्ट ऑप्शन." दाजी त्याच्याकडे बघतच राहिले. "घर न्हाई, दार न्हाई, आन् घराचा विमा काढतोस व्हय रं? आन् घर जळावं म्हणून वाट बघत बसतोस?" त्या पोरानं पुन्हा काही त्यांची पायरी चढली नाही.

मी मात्र त्यांना छळायची एक संधी सोडायचो नाही. एकदा कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी त्यांच्या बुडालेल्या सगळ्या प्रीमियमची बेरीज मांडली आणि म्हटलं, "दाजी, एवढ्यात एक बुलेट आली असती." दाजी शांतपणे म्हणाले, "आन् म्या तिच्यावरनं पडलो असतो." आता त्या बेरजेची आठवण आली की मला माझीच लाज वाटते. त्या वेळी मला ती फार विनोदी वाटली होती.

आता घराचं सांगतो. दाजी आणि अक्का पूर्व भागातल्या ज्या दोन खोल्यांत पस्तीस वर्षं राहिले, त्यांचे मालक वारले आणि त्यांच्या मुलांनी जागा पाडायची ठरवली. दिवाळीपर्यंत खोल्या खाली करा, असा निरोप आला. आमचा भाचा पुण्यात नोकरीला, तो म्हणाला, इकडेच या कायमचे. पण अक्काला पुणं नको होतं. "तिथं चौदाव्या मजल्यावर मी कुणाच्या दारात हळदीकुंकवाला जाऊ? मी सोलापुरातच मरणार." मग घर शोधायला सुरुवात झाली. जुळे सोलापुरातल्या नव्या वस्तीत दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट अक्काच्या मनात भरला. मीही गेलो होतो बघायला. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी होती आणि ओट्यावर सकाळचं ऊन आलेलं. जन्मभर दिवा लावून स्वयंपाक केलेली माझी बहीण त्या उन्हात नुसता हात ठेवून उभी राहिली. मिक्सर कुठं, देव्हारा कुठं, सगळं तिथंच ठरलं. दाजींनी हिशोब केला. सगळे शेअर विकले की बरोब्बर भागत होतं, वर चार दमड्या उरत नव्हत्या, पण भागत होतं. पैसे दिवाळीच्या पाडव्याला द्यायचे. नवरात्राचे घट बसले की शेअर विकायचे. "आन् तवर पुट हाय की," दाजी म्हणाले.

त्या महिन्याचं पुट संपलं शेवटच्या गुरुवारी, आणि तेव्हा पितृपंधरवडा चालू होता. एरवी दाजी जुनं संपायच्या आधीच नवं घेऊन टाकायचे, पण त्या गुरुवारी ते दिवसभर घराच्या कागदांसाठी वकिलाकडे बसून होते. शुक्रवारी आमच्या बाबांची तिथी होती, माझ्याकडे. गुरुजी आले, पान वाढलं, जेवणं झाली. खीर, वडे, भाज्या खाऊन सगळे सुस्तावलेले. दाजींनी हात पुसला आणि मोबाईल काढला.

"काय करताय?" अक्कानं विचारलं.

"पुट घेतो. कालचं संपलंय."

"आज? बाबांच्या पानावरून उठून खरेदी? पंधरवड्यात कुणी नवं काही घेतं का?"

"अगं, ही खरेदी न्हाई. ह्यो विमा हाय."

"पैसे देऊन घेता ना? मग खरेदीच."

विडा चघळत बसलेल्या गुरुजींकडे मामला गेला. गुरुजींनी विचारलं, नेमकी वस्तू काय आहे? दाजींनी सांगितलं, वस्तू नाही, शेअर विकायला लागले तर नुकसान होऊ नये याचा हक्क आहे. गुरुजी म्हणाले, "विकायला पंधरवड्यात हरकत नाही. घेणं वर्ज्य." दाजी म्हणाले, "पण म्या विकायचाच हक्क घेतोय की." गुरुजींनी विडा एका गालातनं दुसऱ्या गालात नेला. "म्हणजे विकायचं आहे, पण आत्ता नाही. आणि घ्यायचं आहे, पण वस्तू नाही." "व्हय." बराच वेळ विचार करून गुरुजी म्हणाले, "यावर शास्त्रात काही सापडायचं नाही. पण पैसा हातातून जातोय ना? मग घट बसल्यावरच करा."

दाजी जरा अस्वस्थ झाले. म्हणाले, "मग शेअरच इकून टाकतो आज. भानगडच मिटली." तेवढ्यात अक्काचे डोळे भरले. "बाबांच्या घड्याळाच्या पैशाचे शेअर, बाबांच्याच तिथीला विकणार?"

आणि इथं मी तोंड घातलं. घालायची काही गरज नव्हती. पोट भरलेलं होतं, चार माणसं ऐकायला होती, जिभेला चेव चढला. म्हटलं, "दाजी, एवढी वर्षं जाळलेत ना पैसे? एक आठवडा विमा नसला तर आभाळ कोसळतंय होय? ह्या वेळचे बाबांच्या नावानं वाचवा!" सगळे हसले. गुरुजीसुद्धा हसले. दाजी माझ्याकडे बघून हसले, आणि त्यांनी मोबाईल खिशात ठेवला. "बरं, घट बसू द्या."

पुढच्या आठवड्यात बाजार थोडा थोडा ढिला पडायला लागला. मग सर्वपित्री आली, त्या दिवशी गांधी जयंतीची सुट्टी, बाजार बंद. दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. अक्कानं पत्रावळीवर माती पसरली, गहू पेरले, घटाला माळ घातली, आरती झाली. दाजी आंघोळ करून, हातात मोबाईल घेऊन शेजारी बसलेले, आरती कधी संपते म्हणून. परदेशात कुठंतरी लढाईची बातमी आली होती. आरती संपेपर्यंत बाजार उघडून धाडदिशी पडलेला होता, आणि पुटाचा भाव कितीतरी पट झाला होता. दाजींनी मला फोन केला. मी म्हटलं, "मग शेअर तरी विका लगेच." आणि मग दाजींनी ते वाक्य उच्चारलं, जे मी त्यांच्या तोंडी कधीच ऐकलं नव्हतं. "थांबू की जरा. काय हुत न्हाई. येईल वर उद्या."

उद्या काही आला नाही. परवाही आला नाही. मी रोज दुपारी त्यांच्याकडे जायचो. अक्का आतल्या खोलीत डबे रिकामे करत असायची, नव्या घरी न्यायचे आणि टाकायचे वेगळे करत. दाजी मला हळू आवाजात हिशोब सांगायचे, पण पैशांत नाही, नव्या फ्लॅटच्या खोल्यांत. "आज गॅलरी गेली, पाव्हणं." दोन दिवसांनी, "न्हाणीघर गेलं." दसऱ्याला मी सोनं द्यायला गेलो, तर आपट्याचं पान हातात घेऊन म्हणाले, "निम्मा हॉल गेला." त्यांच्याकडचे बारक्या कंपन्यांचे शेअर तर बाजारापेक्षाही जास्त घसरले होते. कोजागिरीच्या सुमाराला एका दुपारी ते नुसते बसून होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "सैपाकघर गेलं."

मी म्हटलं, "दाजी, माझे पैसे घ्या. चूक माझी आहे. मीच तोंड सोडलं त्या दिवशी." ते नको म्हणाले. मी पुष्कळ विनवलं, पाया पडलो, रडलोसुद्धा. दाजी म्हणाले, "तुमचं न्हवं, माझं चुकलं. मालक कुरकुर करायचे तवा म्या कधी ऐकलं न्हाई. घरात ऐकलं. घरात मानूस ऐकतोच की." मग दाराकडे बघून आवाज आणखी खाली आणला. "पण एक वचन द्या. तुमच्या अक्काला ह्यातलं कळू द्यायचं न्हाई. ती म्हणंल, बाबांच्या पंधरवड्यापायी माझं घर गेलं. मग जन्मभर तिला बाबांचं पान वाढताना तेच आठवल. म्या सांगतो घर नापसंत हाय म्हणून. शिव्या घालंल. घालू दे की. शिव्यांनी काय हुतंय."

आणि त्यांनी सांगितलं. माझ्यासमोरच सांगितलं, कारण एकट्यानं सांगायचा धीर नव्हता.

"त्यो फ्लॅट नगं आपल्याला."

अक्काच्या हातात पितळी डबा होता. "का?"

"सैपाकघरात ऊन येतं."

"काय?"

"पूर्वेची खिडकी हाय. सकाळी डोळ्यावर येतं."

अक्का अशी भडकली, की शेजारीपाजारी गोळा झाले. "पस्तीस वर्षं मी अंधारात भाकऱ्या थापल्या! आणि ऊन येतं म्हणून ह्यांना घर नको! ऐका हो ऐका!" दाजी खाली मान घालून ऐकत होते. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. मला वाटलं, आत्ता सांगून टाकावं. पण वचन दिलेलं होतं.

दिवाळी झाल्यावर ती दोघं पुण्याला गेली. स्टेशनवर मी सोडायला गेलो, तर दाजींनी दोन वेगवेगळ्या गाड्यांची तिकिटं काढून ठेवलेली, पहिली रद्द झाली तर म्हणून. अक्का मला म्हणाली, "बघ. घराला नाक मुरडतात आणि तिकिटं दोन-दोन काढतात. असला माणूस मिळाला मला!" गाडी हलली तेव्हा ती रडत होती आणि दाजी तिच्या पिशवीची चेन लागली आहे ना ते बघत होते. काही महिन्यांनी बाजार पुन्हा वर आला. दाजींचे शेअरही बरेचसे वर आले. फ्लॅट केव्हाच दुसऱ्या कुणाला गेला होता आणि त्यांच्या जुन्या खोल्यांच्या जागी खड्डा होता. मी त्या गल्लीतनं जायचं टाळतो. गुरुवार आला की कुणी जिलेबी घेऊन येणारं नाही, मला भित्रेपणाचे धडे देणारं नाही. सोलापूर मला तेव्हापासून थोडं ओकंबोकं वाटतं, हे खरं सांगतो. अक्का फोनवर दर वेळी दाजींना उन्हावरून चार शब्द सुनवायची. पलीकडे दाजी मुकाट असायचे.

या वर्षी पंधरवड्यात बाबांची तिथी झाली. दुपारी जेवणं आटोपली आणि संध्याकाळी दाजींचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं विचारलं, गुरुजी आले का, पान कुणी वाढलं. मग मुद्द्यावर आले.

"पाव्हणं, सकाळी तुमच्या अक्कानं माझा मोबाईल आणून माझ्या हातात दिला. म्हणली, तुमचं ते पुट आजच घ्या. पंधरवडा असू दे. मी बाबांना हात जोडून सांगितलंय सकाळी, म्हणली."

मी म्हणालो, "दाजी, मी नाही सांगितलं तिला. शपथ."

"ते ठाऊक हाय मला."

"मग तिला विचारलंत का, कधीपासून कळलंय?"

"न्हाई. काय विचारू? वरीसभर उनापायी शिव्या घातल्या तिनं मला. आता विचारलं तर तिलाबी लाज वाटंल आन् मलाबी. रोज शिव्या घालायची, आन् म्या रोज गप बसायचो. दोघांनाबी ठाऊक हुतं म्हणायचं."

"मग घेतलं का पुट?"

"राहिलं की! ती शेजारी येऊन बसली. बाबांचं काय काय सांगत बसली, करमाळ्याच्या शाळंचं, तुमच्या लहानपणीचं. बाजार कवा बंद झाला ते कळलंच न्हाई." मग घाईघाईनं म्हणाले, "उद्या घेतो."

पाठीमागून अक्काचा आवाज आला, "त्याला विचारा हो, खिरीत वेलदोडा घातला होता का. बाबांना लागायचा."

मी घातला नव्हता. विसरलो होतो. दाजींना म्हटलं, "तिला सांगा, घातला होता. भरपूर घातला होता."